उड्डाणाची आज्ञा आणि एक प्रक्षिप्त वाक्य

सरकारी चौकशीचा अहवाल हे वाङ्मय आहे, असे कोणी म्हटले तर पुष्कळांस ते चमत्कारिक वाटेल. असा अहवाल कोणी आवडीने वाचीत नाही. त्याची भाषा रुक्ष असते, परिशिष्टे लांबलचक असतात, आणि खातेरे सांभाळण्याची धडपड तर पानोपानी दिसते. तरीही माणसाच्या बोलण्याचा आणि न बोलण्याचा विचार ज्यांत अत्यंत बारकाईने झाला आहे अशा गद्यलेखनात आम्ही अशा एका अहवालाची गणना करतो. स्पेनच्या नागरी विमानखात्याने तो १९७८ साली प्रसिद्ध केला. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी द्वीपसमूहातील तेनेरिफे बेटावर, लोस रोदेओस विमानतळाच्या धावपट्टीवर, दोन बोइंग ७४७ प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे प्राणांस मुकली. त्या अपघाताचा हा अहवाल. त्यावर हॉलंडच्या सरकारने आपली टिपणी जोडली. अमेरिकेतील वैमानिकांच्या संघटनेनेही स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. अवघ्या काही मिनिटांच्या संभाषणावर अशी तीन भाष्ये झाली.

एका संहितेवरील तीन भाष्ये ही गोष्ट आपल्या वाचकांस नवी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा मूळ पाठ कोणता, प्रक्षेप कोणता आणि लेखनिकाच्या हातून चूक कोठे झाली, हे तपासण्याची शिस्त मराठी वाचकाच्या कानांवर चांगलीच आली. तीच शिस्त येथे लावून पाहण्याचा आमचा विचार आहे. यंत्रविद्येचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. शब्दांचा निवाडा करण्याचा मात्र कोणत्याही वाचकास आहे.

प्रथम प्रसंग थोडक्यात सांगितला पाहिजे. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरील विमानतळावर त्या दिवशी बाँबचा स्फोट झाला, म्हणून तिकडे जाणारी विमाने तेनेरिफेच्या लहानशा विमानतळावर वळविण्यात आली. रविवार होता, मनोऱ्यात दोनच नियंत्रक होते. विमाने इतकी दाटली की धावपट्टीला समांतर जाणारा रस्ता त्यांनी अडून गेला, आणि उड्डाणाच्या टोकाशी पोचावयाचे तर प्रत्यक्ष धावपट्टीवरूनच चालत जाणे भाग पडले. के. एल. एम. या डच कंपनीच्या विमानाने तेथेच ५५,५०० लिटर इंधन भरून घेतले, आणि अमेरिकेच्या पॅन ॲम कंपनीचे विमान त्याच्या पाठीमागे अडकून पडले. डच कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचे नियम तेव्हा कडक होते. उशीर झाला तर उड्डाणच रद्द करावे लागते, ही चिंता कप्तानाच्या मनात होती. अखेर डच विमान धावपट्टीच्या टोकाशी जाऊन उलट फिरून उभे राहिले. अमेरिकन विमान त्याच धावपट्टीवरून त्याच्या दिशेने येत होते. त्याने तिसऱ्या फाट्याशी बाहेर पडावयाचे होते. तो फाटा १४८ अंशांत वळणारा, एवढ्या अवाढव्य विमानाला अडचणीचा; पुढचा चौथा फाटा सोपा. तिसरा फाटा मागे टाकून ते विमान चौथ्याकडे चालले होते. एवढ्यात डोंगरावरून ढग उतरले. मनोऱ्यातून विमाने दिसेनात, आणि विमानांतूनही एकमेकांस एकमेकांचा थांग लागेना. जमिनीवरची विमाने दाखविणारे रडार तेथे नव्हते. आता फक्त शब्द उरले.

येथपर्यंतची हकीकत सर्वच लेखकांनी सारखी सांगितली आहे. खरी संहिता पुढे आहे.

विमानास निघताना दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळवाव्या लागतात. आकाशात गेल्यावर कोणत्या दिशेने, किती उंचीवर जावयाचे, त्या मार्गाची अनुज्ञा ही एक. आणि आता धावपट्टी मोकळी आहे, उड्डाण करा, ही आज्ञा दुसरी. डच विमानाला मनोऱ्याने पहिली दिली. दुसरी दिली नव्हती. पण ज्या वाक्यात पहिली दिली त्या वाक्यातच 'टेकऑफ' हा शब्द होता: उड्डाणानंतर उजवीकडे वळा, असे त्यात सांगितले होते. सहवैमानिकाने नियमाप्रमाणे ती अनुज्ञा जशीच्या तशी परत म्हणून दाखविली. वैदिकांकडे संथा घेतलेल्या कोणासही ही रीत ओळखीची वाटेल. गुरूने म्हणावे, शिष्याने तेच म्हणावे. शिवाय पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी शब्द उलटसुलट बांधून ठेवावा, म्हणजे एक अक्षरही निसटणार नाही. त्या सहवैमानिकाचा पाठ बरोबर होता. फक्त शेवटी त्याने पाच शब्द आपल्या पदरचे घातले: 'वुई आर नाऊ ॲट टेकऑफ.' संथेत नसलेले हे वाक्य. पाठचिकित्सेच्या भाषेत हा प्रक्षेप, आणि ५८३ माणसांच्या मरणाची कथा या प्रक्षेपाभोवती फिरते.

तो पाठ म्हणत असतानाच कप्तानाने डच भाषेत 'निघालो' अशा अर्थाचे दोन शब्द उच्चारून विमान सोडले होते. म्हणून सहवैमानिकाच्या मनात त्या पाच शब्दांचा अर्थ 'आम्ही उडतो आहोत' असा होता. मनोऱ्यातील नियंत्रकाने अर्थ घेतला तो 'आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत' असा. स्टीव्हन कुशिंग यांनी १९९४ साली 'फेटल वर्ड्स' हा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दाखविले आहे की डच भाषेत चालू क्रिया सांगताना 'ॲट'सारखे शब्दयोगी अव्यय वापरण्याची रीत आहे. अर्थात सहवैमानिकाने शब्द इंग्रजी वापरले, पण खालचे व्याकरण डच राहिले. आम्हांस हे विवेचन पूर्ण पटते, आणि ज्या मासिकात मराठी व कोंकणी शेजारी शेजारी छापल्या जातात त्याच्या वाचकांस तर ते पटावेच. घर सोडून जाणारा मराठी माणूस 'येतो' म्हणतो. गोव्यातला कोंकणी माणूस 'येतां' म्हणतो. जाणे हा शब्द अमंगळ, म्हणून जाताना येण्याचे नाव घ्यावयाचे. स्वयंपाकघरातून हाक आली की ओटीवर बसल्या बसल्या आपण 'आलोच' असे म्हणतो, आणि पुढचे पान वाचू लागतो. क्रियापद भूतकाळी, क्रिया भविष्यातली, माणूस जागचा हललेला नाही. घरात यावाचून काही अडत नाही, कारण घरातली माणसे एकमेकांस पाहत असतात. धुक्यात, परक्या भाषेत, डोळे मिटलेल्या दोन माणसांत असा शब्द गेला की काय होते, ते तेनेरिफेला झाले.

नियंत्रकाचे उत्तर काय? तो प्रथम 'ओके' म्हणाला. मग क्षणभर थांबून, उड्डाणासाठी थांबा, मी बोलावीन, असे म्हणाला. त्याच क्षणी अमेरिकन विमानातून, आम्ही अजून धावपट्टीवरच चालतो आहोत, असा घाबरा आवाज आला. एकाच वाहिनीवर दोघे एकदम बोलले की शिट्टीसारखा कर्कश ध्वनी निघतो, आणि दोघांचेही बोलणे झाकोळते. डच विमानाच्या कक्षात स्पष्ट पोचला तो 'ओके' हा शब्द. पुढचे सारे शिट्टीखाली गेले.

आता स्पॅनिश अहवालाकडे वळू. त्याची प्रामाणिकता वादातीत आहे. संभाषणाचा प्रत्येक शब्द त्याने दिला, प्रत्येक सेकंद मोजला. एवढा अनुभवी कप्तान एवढी मूलभूत चूक कशी करतो, हा प्रश्नही मोकळेपणाने विचारला. परंतु मुख्य कारणे सांगावयाची वेळ आली तेव्हा त्याची वाक्यरचना एकदम बदलते. त्याने दिलेल्या चारही मुख्य कारणांचा कर्ता एकच आहे, तो म्हणजे डच कप्तान याकोब फेल्डहाउझेन फान झांटेन. त्याने आज्ञेवाचून उड्डाण केले; 'थांबा' हा आदेश पाळला नाही; अमेरिकन विमान धावपट्टीवर आहे असे कळूनही तो थांबला नाही; आणि सहकाऱ्याने शंका विचारली तेव्हा त्याने ठासून उलट सांगितले. यांपैकी पहिले आणि चौथे निर्विवाद आहे. दुसऱ्याबद्दल मात्र आमची तक्रार आहे. जो आदेश शिट्टीखाली गाडला गेला, तो 'पाळला नाही' असे लिहिणे म्हणजे ऐकू न येणे आणि न जुमानणे या दोन गोष्टी एका क्रियापदात कोंबणे होय. त्याच अहवालाच्या मागच्या पानांवर त्या ध्वनीचे वर्णन आहे. निष्कर्ष लिहिताना लेखकास त्याचा विसर पडला.

याहून मोठी उणीव 'ओके' या शब्दासंबंधी आहे. तो शब्द अयोग्य होता, हे अहवाल कबूल करतो, पण दुय्यम कारणांत. आणि लगेच जोडतो की या प्रकरणी तो महत्त्वाचा नाही, कारण विमान त्याआधी सुमारे साडेसहा सेकंद सुटले होते. हे कारण आम्हांस लंगडे वाटते. साडेसहा सेकंदांत एवढे जड विमान फारसा वेग घेत नाही. तेव्हा ते आवरता आले असते. ज्याचे मन आधीच निघाले आहे त्याला त्या क्षणी कानांत होकार मिळाला, या गोष्टीस महत्त्व नाही, असे कसे म्हणावे? चुकीच्या दाराने शिरणाऱ्यास दारवानाने मान डोलाविली, तर तो आधीच उंबऱ्यात होता म्हणून दारवान सुटत नाही.

येथे आम्हांस गीतेच्या अठराव्या अध्यायाची आठवण होते. कर्म घडण्यास तेथे पाच कारणे मानली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि अखेरीस दैव. एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी तेथे अपुरी ठरविली आहे. त्या विवेचनाचा रोख आध्यात्मिक आहे, हे आम्ही जाणतो. पण चौकशी करणाऱ्यासही ते उपयोगी पडावे. विमानांनी तुडुंब भरलेला तळ आणि उतरलेला ढग हे अधिष्ठान. दोन आवाज एकदम आले की दोन्ही गिळणारा रेडिओ हे साधन. दोघांनी एकाच सेकंदाला बोलावे, याला दैव म्हणावयास आमची हरकत नाही, पण पाचवे म्हणून. पहिले म्हणून नव्हे. आपल्याकडे असा काही घात झाला की पहिल्याच दिवशी 'प्रारब्ध' हा शब्द उच्चारून मंडळी मोकळी होतात. स्पॅनिश अहवालाने दुसरे टोक गाठले. त्याने कर्ता धरला आणि उरलेली चार कारणे टिपांत घातली.

डच टिपणी नेमकी याच्या उलट. तिचे म्हणणे असे की या अपघातास एक कारण नाही. सर्वत्र रूढ असलेल्या पद्धती, परिभाषा आणि सवयी यांतून परस्पर गैरसमज झाला. विचार म्हणून हे अधिक खोल आहे. रेडिओवरचा नेहमीचा शब्दही दोन अर्थ वाहू शकतो, हे या टिपणीनेच ठसविले, आणि पुढील सुधारणा त्याच दिशेने झाल्या. तथापि ती वाचताना मनास एक टोचणी लागते. तिच्यात माणसे हळूहळू नाहीशी होतात. वाक्यांचा कर्ता 'सवय' होतो, 'पद्धत' होतो, 'गैरसमज' होतो. आपला कप्तान वाचविण्याची आस तिला आहे, हे लपत नाही. फान झांटेन हे कंपनीतील ७४७ विमानांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख. कंपनीच्या जाहिरातीत त्यांचाच चेहरा झळकत असे. त्यांच्या नोकरीचा मोठा भाग शिकाऊंना कृत्रिम विमानात बसवून शिकविण्यात गेला होता, आणि तेथे उड्डाणाची आज्ञा शिक्षकच देतो. ही माहिती डच बाजूने ज्या ममतेने मांडावयास हवी होती, तीच तिच्या युक्तिवादाला अडचणीची होती. अमेरिकन वैमानिकांच्या अभ्यासाविषयी येथे फार लिहीत नाही. त्याने थकवा, लक्षाची मर्यादा, फाटे मोजण्यातील घोटाळा यांचा विचार सहानुभूतीने केला आहे, एवढे सांगणे पुरे.

तिन्ही भाष्यांत जी जागा आम्हांस सर्वांत हृदयद्रावक वाटते ती यानंतरची. शिट्टी थांबल्यावर मनोऱ्याने अमेरिकन विमानास, धावपट्टी सोडली की कळवा, असे सांगितले, आणि त्यांनी, हो, कळवितो, असे उत्तर दिले. हे डच कक्षात स्पष्ट ऐकू आले. विमान धावत होते. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारले, तो अजून बाहेर गेला नाही का? कप्तानास नीट ऐकू आले नाही. त्याने काय म्हणून विचारले. इंजिनिअरने पुन्हा विचारले, ते पॅन अमेरिकन बाहेर गेले नाही का? कप्तान उत्तरला, 'यावेल.' नकारार्थी प्रश्नाचा नकार खोडून काढणारा हा डच शब्द आहे. आपल्या भाषेत 'गेला की!' असे म्हटले तर त्याचा ठसका येईल. त्या ठसक्यापुढे तिसऱ्यांदा कोणी विचारले नाही.

सहवैमानिकाने याआधी एकदा धैर्य केले होते, हे विसरता कामा नये. कप्तानाने पहिल्यांदा इंजिनांचा वेग वाढविला तेव्हा त्याने, थांबा, अजून अनुज्ञा मिळाली नाही, असे सांगितले होते. आणि कप्तानाने, ठाऊक आहे, विचार, असे उत्तर देऊन हात आवरला होता. त्याला या जातीच्या विमानाचा अनुभव अवघा ९५ तासांचा. समोर बसलेला माणूस त्या विमानाचा आचार्य. एकदा चूक दाखविली. दुसऱ्यांदा दाखविण्यास जीभ रेटली नाही. स्पॅनिश अहवालाने या मौनासंबंधी एक वाक्य लिहिले आहे: कप्तानाच्या मोठ्या लौकिकामुळे, एवढा जाणता माणूस एवढी चूक करील ही कल्पनाच त्या दोघांस करता आली नसावी. अख्ख्या अहवालात हे वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते, आणि नेमके तेच कारणांच्या यादीत नाही. देवळाच्या सभामंडपात ज्यांचे बालपण गेले त्यांस या मौनाची जात वेगळी सांगावयास नको. वयाने आणि विद्येने वडील असलेल्या आचार्यांचा मंत्र चुकला, तर शेजारी बसलेला तरुण भिक्षुक काय करतो? तो मान खाली घालतो. आम्हीही घातली आहे. ती नम्रता खरी असते, म्हणूनच ती नियमांनी मोडावी लागते. १९७९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने भरविलेल्या एका परिषदेपासून वैमानिकांस एकमेकांस अडविण्याचे रीतसर शिक्षण देण्याची पद्धत वाढली. कनिष्ठाने बोलणे हे त्याचे कर्तव्य ठरले, उद्धटपणा नव्हे.

शब्दांच्या बाजूनेही शिस्त आली. 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष आज्ञा देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारावा, एरवी निघण्यासाठी दुसरा शब्द वापरावा, हा नियम झाला. नुसत्या 'ओके'वर भागविणे बंद झाले. एका शब्दाभोवती असे सोवळे पाळले गेल्याचे उदाहरण आधुनिक व्यवहारात दुसरे आम्हांस ठाऊक नाही.

पुढे काय झाले? ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात एक लहान जेट विमान चुकीच्या रस्त्याने धावपट्टीवर आले, आणि सुटलेल्या प्रवासी विमानाने त्याला धडक दिली. ११८ माणसे गेली. जमिनीवरचे जुने रडार काढून टाकले होते, नवे चालू झाले नव्हते. तेथेही एक शब्द होता. लहान विमानाच्या वैमानिकाने आपण कोठे आहोत हे जमिनीवर रंगविलेल्या एका खुणेवरून अचूक सांगितले. पण ती खूण नियंत्रकाच्या नकाशात नव्हती. खरे बोललेले शब्द ओळखणाराच कोणी नव्हता. या अपघाताचा २००४ चा इटालियन अहवाल आम्हांस तेनेरिफेच्या अहवालाहून लेखनदृष्ट्या सरस वाटतो. चुकलेल्या माणसाजवळ तो थांबत नाही. ती चूक ज्यांनी अडवावयाची होती त्यांच्या दारापर्यंत जातो.

आणि २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. मोठ्या विमानातील ३७९ जण आगीतून सुखरूप बाहेर पडले. भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेल्या लहान विमानातील सहांपैकी पाच जण दगावले. नियंत्रकाने त्या विमानाला, तुमचा क्रमांक पहिला, धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत या, असे सांगितले होते. कक्षातून ते वाक्य बिनचूक परत म्हणण्यात आले. या वेळी प्रक्षेप नव्हता. पाठ शुद्ध होता. तरी विमान थांबा ओलांडून धावपट्टीवर जाऊन उभे राहिले, कारण 'पहिला क्रमांक' या शब्दांतून कप्तानाने धावपट्टीवर जाण्याची मुभा ऐकली. त्यानंतर जपानमध्ये असा क्रमांक सांगणे काही काळ बंद ठेवण्यात आले. अर्थ न जाणता वेद म्हणणाऱ्यास यास्काचार्यांनी निरुक्तात ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. येथे अर्थ ठाऊक नव्हता असेही नाही. मनाला हवा होता तो अर्थ ठाऊक होता. संथेची रीत अक्षरे राखते. ऐकणाऱ्याच्या इच्छेपासून अर्थ राखण्याची रीत अजून सापडावयाची आहे.

जाता जाता मराठी लिहिणाऱ्यांस एक सूचना. आपल्या वृत्तपत्रांत या अपघातांविषयी लिहिताना मार्गाची अनुज्ञा आणि उड्डाणाची आज्ञा या दोहोंस सरसकट 'परवानगी' असे म्हणण्याचा प्रघात आहे. मग 'परवानगी मिळाली होती, तरी परवानगीवाचून उडाला' असे निरर्थक वाक्य वाचकाच्या माथी येते. फान झांटेन यांच्या मनात त्या संध्याकाळी जो घोटाळा झाला तो हाच होता. या लेखात आम्ही दोन्हींस निरनिराळे शब्द कटाक्षाने वापरले आहेत. याहून चांगले कोणास सुचल्यास त्यांनी संपादकांकडे अवश्य कळवावे. कोंकणी प्रतिशब्द आल्यास तेही हवे आहेत.